अकरा स्क्रू, एक कचरागाडी

"आता जे सांगतोय ना, त्यावर तुम्ही काय, तुमचे देवसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत!"

अप्पासाहेबांनी पोह्यांवरची शेव बोटानं सारखी केली आणि बाकावर मांडी ठोकली. इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराजवळच्या रघुवीरच्या दुकानात सकाळी एवढं म्हटलं की पुरे. रघुवीरचा झारा कढईतच थांबला. अप्पासाहेबांच्या समोरच्या बिल्डिंगमधला देवदत्त जिलेबी सांभाळत जवळ सरकला.

अप्पासाहेबांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत तोफ ओढायचे. अप्पासाहेबांच्या सांगण्याप्रमाणे, एकटेच ओढायचे! त्या रक्ताला लॅपटॉप उघडायचा म्हणजे काय मोठं? लॅपटॉप त्यांच्या बायकोचा, सुलोचनाबाईंचा. बटण दाबून त्या कुकर लावायच्या, तीन शिट्ट्या व्हायच्या, वरण घोटून व्हायचं, तरी पडद्यावर आपलं गोल गोल फिरतंच! पण त्याच लॅपटॉपात त्यांनी तीन वर्षं एका बोटानं टाइप केलेलं पुस्तक होतं. माळव्यातल्या मराठी घरांतले चारशे पदार्थ. दुसरी प्रत नाही. त्या दिवशी अकरा वाजता ते पलासियाच्या छापखान्यात द्यायचं, म्हणून बाई सकाळपासूनच जांभळी माहेश्वरी साडी नेसून तयार.

"नवी एसएसडी डिस्क बसवून देतो," अप्पासाहेब म्हणाले. "असा पळेल, छापखानेवाला बघत राहील!"

"आजच? उद्या करा की!"

"अगं, व्हिडिओ पाहिलाय मी. दोनदा!"

अकरा स्क्रू काढले, दहा लावले, उरलेला खिशात. जुनी हार्ड डिस्क बाहेर, नवी आत. भाच्यानं दिलेल्या पेन ड्राइव्हमधून विंडोज घातलं, बटण दाबलं, आणि आठ सेकंदांत लॅपटॉप हजर! अप्पासाहेबांना स्वतःचाच मुका घ्यावासा वाटला.

तेवढ्यात खाली कचरागाडीचं गाणं वाजलं. इंदूरचा माणूस एक वेळ जेवणाचं ताट सोडेल, पण कचरागाडी सोडणार नाही. आणि अप्पासाहेब तर कचऱ्याच्या वर्गीकरणाचे गल्लीतले हेडमास्तर! शेजाऱ्याच्या ओल्या कचऱ्यातली दुधाची पिशवी काढून त्याच्याच दाराला लटकवणारे! त्यांनी जुनी डिस्क रुमालानं पुसली, गाडीतल्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात बरोबर टाकली आणि शीळ घालत वर आले.

सुलोचनाबाई लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. हातात चहा.

"अहो, माझं पुस्तक दिसत नाही यात."

"जुन्या डिस्कमध्ये असेल की."

"ती कुठंय?"

अप्पासाहेब गॅलरीकडे वळले. खाली गाडीचं गाणं कोपऱ्यावर वळलं, बारीक झालं. बाईंच्या हातातली बशी कलली, गरम चहा अप्पासाहेबांच्या पायावर सांडला. अप्पासाहेबांना कळलंसुद्धा नाही! तीन वर्षं, चारशे पदार्थ, आणि आपण ते रुमालानं पुसून दिले?

"आयला! मग?" रघुवीर ओरडला. पोहे तळाला लागले होते.

"मग काय भिया! तिला म्हटलं, तू बस, मी आहे. जिना उतरतो कोण? गॅलरीतून थेट निंबाच्या झाडावर, झाडावरून रस्त्यावर! अनवाणी धावलो. गाडीचा मागचा दांडा पकडला. ड्रायव्हर म्हणतो, बाबूजी, मरोगे क्या? मी म्हटलं, खाली हाथ घर गया तो वैसे भी मरूँगा!"

"सही है!"

"मारली आत उडी! तीन मिक्सर, दोन इस्त्र्या, एक मेलेला टीव्ही. टीव्ही एका हातानं उचलला, तर खाली आपली डिस्क. गरमागरम! अकराच्या ठोक्याला पुस्तक छापखान्यात! खोटं वाटतंय? हा बघा पुरावा!"

आणि त्यांनी खिशातला अकरावा स्क्रू टेबलावर टाकला.

रघुवीरनं तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. देवदत्तनं जिलेबीचा शेवटचा तुकडा संपवला, बोटं चाटली.

"अप्पाजी, मी तेव्हा गच्चीत कपडे वाळत घालत होतो. गाडीमागे अनवाणी धावताना पाहिलं मी, कसम से! दांडाही पकडला, ड्रायव्हरला खाली उतरवून झापलंही."

"बघा!" अप्पासाहेबांनी छाती फुगवली.

"फक्त एक सांगा. तुम्ही जांभळी माहेश्वरी केव्हापासून नेसायला लागलात?"