सासूबाईंच्या नावाचा रेणू

हिरव्या पानात दडलेलं औषधी द्रव्य हुडकायचं, ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढायचं आणि त्याची ओळख पटवायची, ही माणसाच्या बुद्धीची खरी कसोटी आहे, आणि त्या कसोटीला मी पुरेपूर उतरलेलो आहे! निदान गेल्या महिन्यापर्यंत माझं तसं ठाम मत होतं.

माझ्या सासूबाईंचं मत वेगळं होतं. "धाकटे जावई काय करतात हो?" असं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "पानं उकळतात." बस्स! इतकी वर्षं प्रयोगशाळेत डोळे फोडून घेतले, त्याचं सार दोन शब्दांत! मोठे जावई दातांचे डॉक्टर. त्यांचा विषय निघाला की सासूबाई श्वाससुद्धा न घेता पाव तास बोलत.

म्हणून मी बेत आखला. सासूबाईंच्या अंगणात एक झुडूप आहे. त्याच्या पानांचा काढा त्या स्वतः गुडघ्यांसाठी घेतात आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला पाजतात. पोस्टमन हल्ली पत्रं फाटकातूनच फेकून पळतो. त्या पानांतलं गुडघे मोकळे करणारं द्रव्य मी शोधणार, ते अगदी नवं निघणार, आणि त्याला मी सासूबाईंचं नाव देणार! दातांच्या डॉक्टरांनी आजवर एखाद्या दाढेला सासूचं नाव दिलंय का?

पद्धत सोपी आहे. वाळलेली पानं कुटून अल्कोहोलमध्ये आठवडाभर भिजवायची, अर्क आटवायचा आणि पांढऱ्या पुडीनं भरलेल्या उभ्या काचेच्या नळीतून सोडायचा. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगानं खाली उतरतं, ते वेगळ्या बाटलीत धरायचं. पण सुरुवातीलाच माशी शिंकली. प्रयोगशाळेतली एकुलती एक मोठी काचेची बरणी एका सहकाऱ्यानं अडवून ठेवली होती.

"माझ्या साली भिजतायत त्यात," तो म्हणाला.

"कधी रिकामी होईल?"

"भिजल्या की!"

वाट बघत बसणाऱ्यांतला मी नव्हे. घरी आलो आणि न्हाणीघरातली झाकणाची बादली उचलली.

"आईनं दिलीये ती," बायको म्हणाली. "काही झालं तर तिला तू सांगायचंस."

"बादलीला काय होणार? पानं भिजवतोय, तेजाब नाही!"

आठवड्यानं अर्क गाळला. बायकोनं बादली उलटसुलट करून पाहिली. "अरे, रंग उतरलाय हिचा."

"पानांत ताकद आहे!"

"आणि कडक का झालीये?" तिनं टकटक वाजवून दाखवलं.

"ताकद!"

नळीतून आधी पिवळं उतरलं, मग बिनरंगी तेलकट थेंब पडू लागले, आणि हिरवं त्यांच्या मागून आलं. ते थेंब मी तपासपट्टीवर चढवले; मिसळ असती तर दोन-चार ठिपके उमटले असते. एकच ठिपका! म्हणजे शुद्ध! आणि मिळालं तरी किती! असं द्रव्य चिमूटभर हाती लागलं तरी लोक नाचतात, माझी तर अर्धी बाटली भरली. मग रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं सांगणाऱ्या यंत्रात ते घातलं. यंत्र सांभाळणाऱ्या मॅडम रजेवर होत्या, तेव्हा मी ते स्वतःच चालवलं. यंत्रानं पडद्यावर आधीच माहीत असलेल्या एका द्रव्याचं नाव सुचवलं. मी दुर्लक्ष केलं. यंत्राला काय कळतं? त्याला कुठे सासू आहे?

विभागप्रमुख हरखले. पाहुणे येणार होते आणि विभागात दाखवण्यासारखं नव्या रंगकामाशिवाय काही नव्हतं. "पण हे करतं काय?" त्यांनी विचारलं.

"सांधे लवचिक करतं, सर!"

"पुरावा?"

"माझ्या सासूबाई."

"बोलवा त्यांना!"

मी फोन लावला आणि नव्या द्रव्याला त्यांचं नाव देतोय, असं सांगितलं. सासूबाई गप्प! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! मग त्यांचा आवाज ओला झाला. "माझं नाव? पुस्तकात छापणार? जावईबापू, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले हो!" मलाही भरून आलं. त्या दिवसापासून दातांच्या डॉक्टरांची ओळख 'आमच्या शास्त्रज्ञांचे साडू' अशी होऊ लागली. मी त्यांना फोन करून विचारलंसुद्धा, "कसं काय, बरं आहे ना?"

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाला सासूबाई अर्धी गल्ली घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. पडद्यावर त्यांचं नाव झळकलं, शेवटी 'कॅफीन'सारखं शास्त्रीय 'ईन' लावून, आणि त्याखाली यंत्रानं काढलेला आलेख. टाळ्या! तेवढ्यात मागच्या रांगेतून यंत्राच्या मॅडम उठल्या.

"आलेखातला तो सगळ्यात उंच सुळका एकशे एकोणपन्नास वजनाच्या तुकड्याचा आहे," त्या म्हणाल्या. "पानं कशात भिजवली होती?"

"भांड्यात."

"कसल्या भांड्यात?"

मी उगाच पाण्याचा ग्लास शोधू लागलो. पण आपल्या वाट्याचं श्रेय बुडतंय हे सासूबाईंना कसं सहन होणार? त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"सांगा की! लाजताय कसले? माझ्या बादलीत भिजवली!" मग सभागृहाकडे वळून, "मीच दिलेली! प्लास्टिकची, पण कशी? लोण्यासारखी मऊ! वाकवा, दाबा, मोडायची नाही!"

"मोडत नाही, कारण प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेल घालतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अल्कोहोलमध्ये ते उतरतं. पडद्यावर आहे ते तेच तेल. लवचिक करतं हे यांचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे. बादलीला."

पाहुणे नव्या रंगकामाकडे पाहू लागले.

मॅडमच्या हुकमावरून मी त्याच बादलीचं झाकण पानांशिवाय भिजवून पाहिलं. तेच द्रव्य निघालं, आणि पहिल्यापेक्षा स्वच्छ! म्हणजे इतके दिवस पानांचा नुसता अडथळाच होत होता.

कार्यक्रमानंतर सासूबाई थेट आमच्या घरी आल्या होत्या. न्हाणीघरात गेल्या, बादलीची कडी धरून उचलली. कडी हातात आली, बादली जमिनीवरच राहिली, आणि तिचा एक मोठा तुकडा खळकन फुटून माझ्या पायाशी येऊन पडला. त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं. नाव त्यांचं गेलं होतं, बादलीही त्यांचीच गेली होती, आणि दोन्ही घालवणारा मी समोर उभा होतो.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. नवी शेजारीण दारात उभी राहून विचारत होती, "हे कोण?"

"आमचे धाकटे जावई," सासूबाई म्हणाल्या.

"अगबाई! काय करतात?"

मी शर्टाची कॉलर नीट केली.

"पूर्वी पानं उकळायचे. आता बादल्या उकळतात," सासूबाई म्हणाल्या आणि पुढचा पाव तास दातांच्या डॉक्टरांबद्दल बोलत राहिल्या.