बुखारीवर कळस

ग्वाल्हेरच्या थंडीनं आजवर माझं काहीही वाकडं केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो! थाटीपुरातल्या आमच्या गल्लीत जानेवारीत माणसं कानटोपीच्या आत कानटोपी घालून दूध आणायला निघतात. तेव्हा हा दिनकरराव पहाटे उठून, अंगात नुसती बंडी, घरातल्या झाडून सगळ्या खिडक्या सताड उघडतो. ताजी हवा! आमचे खापरपणजोबा दख्खनेतून इथे आले ते थंडीत घोडे फेकत आले. आम्ही काय रजया पांघरून बसायचं? यावर उषा, म्हणजे आमची ही, म्हणते की खापरपणजोबा दफ्तरात कारकून होते आणि बैलगाडीनं आले. बायकोनं इतिहासात तोंड घालू नये.

तर थंडीचा प्रश्न माझा नव्हताच. प्रश्न होता सुनेचा.

यशश्री अलिबागची. तिकडे थंडी म्हणजे पंखा एक आकडा कमी करायचा, बस! लग्न होऊन ती मे महिन्यात इथे आली, तेव्हा ऊन बघून म्हणाली, सोसेन. सोसलंन् पोरीनं. पण दिवाळी गेली आणि ती हळूहळू दिसेनाशी व्हायला लागली. आधी मोजे, मग दोन स्वेटर, मग शाल, मग वरून अभिरामचं जाकीट. डिसेंबरात तिचे फक्त डोळे उरले, आणि त्यांतूनही पाणी गळायचं.

त्यात अभिरामच्या कंपनीनं त्याला पणजीची बदली देऊ केली. संक्रांतीनंतर हो की नाही ते कळवायचं होतं. "बाबा, मला तर इथेच राहायचं आहे," तो म्हणाला, "पण यशूला इथली ठंड बर्दाश्तच होत नाही. मी करू तर काय करू?" त्या दिवसापासून उषा वरणाला फोडणी देता देता पदरानं डोळे पुसायला लागली आणि विचारलं की मोहरी उडाली म्हणायची. एकुलता एक मुलगा आमचा. तो गेला की घरात उरणार दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही, आणि टीव्हीसुद्धा अभिरामशिवाय आम्हाला लावता येत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते नको होतं.

मग मी ठरवलं. थंडीलाच घराबाहेर काढायचं!

विजेच्या हीटरचं नाव काढू नका. तो लावला की आमच्या अर्ध्या गल्लीची बत्ती गुल. मला आठवली बुखारी. काश्मीरच्या सहलीत आमच्या उतरायच्या जागी पाहिली होती: पिंपासारखी लोखंडी भट्टी, पोटात लाकडं, डोक्यावर केटली, आणि धूर नेणारा पाइप थेट छपराच्या वर. शेजारी बसलं की माणूस स्वेटर काढून फेकतो! शहरातल्या मुरार भागातल्या एका कूलरवाल्याला गाठलं. उन्हाळाभर थंड हवा बनवणाऱ्या माणसाला हिवाळ्यात गरम हवा बनवायला काय जड आहे? तोही म्हणाला, काहीच नाही. फक्त पाइप कुठून न्यायचा ते विचारल्यावर म्हणाला, "बाबूजी, धुआँ अपना रास्ता ख़ुद ढूँढ लेता है." आत्मविश्वास असलेला माणूस मला आवडतो.

अभिरामनं मात्र फोनवर शोधून नियमांची ही भलीमोठी यादी काढली आणि माझ्यामागे वाचत हिंडायला लागला. खाली विटांचा ओटा घाला. पडदे लांब ठेवा. लाकूड सुकंच पाहिजे. राख लोखंडी बादलीत काढा. धुराची वाट मोकळी ठेवा. आणि पेटवलेली असताना खोलीतली एक खिडकी थोडी तरी उघडी ठेवाच, नाहीतर आतली हवा विषारी होते. मी त्याला शांतपणे सांगितलं की मी आयुष्यभर सिंचन खात्यात कालवे सांभाळले आहेत. धूर म्हणजे तरी काय, वर जाणारं पाणी! आणि खिडक्या उघडायचं तू मला शिकवणार?

ओटा घातला, पाइप गच्चीवर काढला आणि एका दुपारी चाचणी घेतली. खिडक्या अर्थात उघड्या. बाभळीची सुकी लाकडं अशी काही धडधडली की मला भरून आलं. धूर गच्चीवरून थेट आकाशात! फक्त ऊब काही खोलीत थांबेना. खिडकीतून ती अंगणात जायची आणि अंगणातलं मांजर सुखावायचं. मी मनात नोंद केली, की मुख्य दिवशी खिडक्या बंद करायच्या.

मुख्य दिवस म्हणजे संक्रांत. सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने, आणि संध्याकाळी साऱ्या मराठी बायकांचं हळदीकुंकू. त्या मंडळींसमोर यशश्री हलव्याचा हार घालून उबेत बसेल, स्वेटरशिवाय बसेल, आणि आपणहून म्हणेल की इथेच राहू या!

आदल्या दिवशी मी प्रत्येक खिडकी लावून घेतली आणि फटींवर खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली. संक्रांतीच्या पहाटे, जन्मात पहिल्यांदा, एकही खिडकी उघडली नाही. हात शिवशिवत होते, पण आवरलं. यशश्री स्वयंपाकघरात चक्क एका स्वेटरवर गाणं गुणगुणत तीळ भाजत होती. मी उषाला कोपरानं ढोसलं. म्हटलं, बघ, नुसत्या बुखारीच्या कल्पनेनंच पोरगी खुलली!

तेवढ्यात मल्हारराव आले.

मल्हारराव म्हणजे आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त, आणि आता कोपऱ्यावरच्या गणपती मंदिराच्या समितीवर. गच्चीवर उभे राहून त्यांनी पाइपाकडे असं बघितलं, जसं परेडवर गुंडी तुटलेल्या शिपायाकडे बघावं. त्यांचे आक्षेप दोन. एक, उघड्या पाइपात कबूतर पडेल. दोन, घराच्या माथ्यावर असा बोडका दांडका म्हणजे अशुभ, आणि तोही सुनेच्या पहिल्या सणाला! मला दोन्ही पटले. मग त्यांनी उपायही सांगितला. मंदिराला यंदा नवा कळस बसला होता आणि जुना पितळी कळस त्यांच्याच घरी, कांद्याच्या टोपलीशेजारी, धूळ खात होता.

आम्ही तो आणला, चिंचेनं घासला, हळदकुंकू वाहिलं, मुहूर्त बघितला आणि पाइपावर चढवला. काय सांगू तुम्हाला! मापाचा बसला! इकडे नाही, तिकडे नाही, सुईसुद्धा जाणार नाही इतका घट्ट. मल्हाररावांनी सलाम ठोकला. अभिराम बाजारात गेला होता, म्हणून हा सोहळा त्याला बघायला मिळाला नाही.

संध्याकाळी बायका आल्या. मी बुखारी पेटवली आणि मानाच्या जागी, अगदी बुखारीला लागून, यशश्रीला बसवलं. तिच्याशेजारी सीमंतिनीकाकू, आमच्या समाजातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. थोड्या वेळानं डोळे चुरचुरायला लागले. मी म्हटलं, सुरुवातीला होतं असं. मग समोरची भिंत दिसेनाशी झाली. मी म्हटलं, लाकूड नवीन आहे. पांढरा शुभ्र हलवा आधी करडा झाला, मग काळ्या तिळासारखा झाला. साड्यांचं काही कळलं नाही, सगळ्या आधीच काळ्या होत्या! सीमंतिनीकाकूंची मान छातीवर गेली, आणि मी अभिमानानं सगळ्यांना सांगितलं, "बघा! ऊब लागली की अशी झोप लागते!"

यशश्री ताडकन उठली. माहेरी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची ती. "ही झोप नाहीये बाबा, ही गुंगी आहे," ती म्हणाली. "आई, दार उघडा. काकूंना धरा. सगळ्यांनी बाहेर चला, आत्ताच्या आत्ता."

आणि ती माझ्या खिडक्यांवर तुटून पडली. मी तासन्‌तास चिकटवलेली वर्तमानपत्रं तिनं टराटरा फाडली. उषानं आणि दोघीतिघींनी काकूंना अंगणात नेऊन बसवलं. मोकळ्या हवेत काकूंनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, वाण काय लुटलं? तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तरी उषानं काकूंना तिथून तसंच रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं आणि मला निरोप पाठवला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

इकडे बाजारातून आत्ताच परतलेला अभिराम गच्चीवर धावला. त्यानं कळस बघितला. "बाबा! धुराच्या तोंडावर हे काय बसवलं आहे?" तो हॉकी स्टिक घेऊन कळस पाडायला निघाला, तर मल्हारराव आडवे. बसवलेला कळस मुहूर्ताशिवाय हलवता येत नाही! शेवटी खालून यशश्रीनं सांगितलं की मुहूर्त आत्ताच आहे, तिनं पंचांगात बघितला आहे. आमच्या घरात पंचांग कुठे असतं हे तिला अजून माहीतसुद्धा नव्हतं. दोन ओली पोती गुंडाळून दोघांनी तापलेला कळस उपसला आणि धूर असा भसकन वर गेला की मल्हाररावांच्या पांढऱ्या मिशा पुन्हा तरुण झाल्या.

आता कळस उतरेपर्यंत रस्त्यावरून हे कसं दिसलं असेल, विचार करा. छपरावर पितळी कळस. दारांखिडक्यांतून धुराचे लोट. अंगणात हळदकुंकू लावलेल्या बायकांचा घोळका. लोकांनी चपला काढल्या! कुणी नारळ आणला, कुणी अगरबत्ती. एक सज्जन हात जोडून मला म्हणाले, "अंकलजी, हवन कब तक चलेगा?" मागे रांग लागली होती. हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू प्रसाद म्हणून वाटले. फूलबागेकडून घरी चाललेली माणसंही थांबली. लाडू संपले तेव्हा दोनचार जण रागावून गेले.

सगळं शांत झाल्यावर आम्ही चौघं काजळलेल्या खोलीत बसलो. मी म्हटलं, संपलं. पोरं चालली पणजीला. मी यशश्रीला सरळच सांगितलं की बाई, माझं चुकलं, तुझ्यासाठीच केलं होतं, तुम्ही खुशाल जा.

तिच्या गळ्यात अजून तो काळा हलवा होता. "बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

मी म्हटलं, सांग.

"आज सकाळी मला पहिल्यांदाच थंडी वाजली नाही. बुखारी पेटवायच्या आधी." ती जरा थांबली. "खिडक्या बंद होत्या ना."

उषा म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय?"

मी अभिरामकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मग यशश्रीनंच सोडवलं. बुखारी पेटवायची तर खिडकी उघडी ठेवायला हवी. मग त्यापेक्षा बुखारी राहू दे आणि खिडकी बंद ठेवू या, म्हणाली. दुसऱ्या दिवशी अभिरामनं पणजीला नाही म्हणून कळवलं. उषा पुन्हा डोळे पुसायला लागली. या वेळी मोहरी खरंच उडाली होती, असं ती म्हणते.

बुखारी आता पेटत नाही, तिच्यात कांदे राहतात. ती पेटत नाही म्हणून कळस पुन्हा वर बसवायला हरकत नव्हती, आणि नसता बसवला तर भाविकांना सांगता काय! थाटीपुरातली माणसं पहाटे फिरायला निघाली की आमच्या फाटकाशी थांबतात, हात जोडतात आणि प्रसादाची वाट बघतात. ते खातं माझ्याकडे आलं आहे. आतून खिडक्यांना कडी असते, सगळे गाढ झोपलेले असतात, आणि मी बाहेर ओट्यावर डबा घेऊन चिरोंजी, म्हणजे प्रसादाचे साखरेचे दाणे, वाटत बसतो. ताजी हवा!

आणि हो, कानटोपीच्या आत कानटोपी घातली की खरंच बरं वाटतं.