हेराचा खेळ आणि मारोतीनाना

मारोतीनाना शिंपी सिनेमा बघायला जायचे आणि पडद्याकडे पाठ करून बसायचे.

थाप मारत नाही. मी स्वतः पाहिलंय. पहिल्या दिवशी ते चारचौघांसारखे पुढे तोंड करून खेळ बघत. दुसऱ्या दिवशी तोच खेळ असला की मात्र सगळ्यांच्या पुढे, पडद्याच्या पायथ्याशी पोतं अंथरत आणि आमच्याकडे तोंड करून बसत. मागे तलवारी चालायच्या, घोडे उधळायचे, आणि नाना आमची तोंडं न्याहाळत असायचे. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या नाकाला काही लागलंय की काय.

"पडदा काय, समद्यांनाच दिसतो," ते म्हणायचे. "खेळ कसा हाय ते मानसाच्या हाताकडं बघून कळतं. शेंगा फोडनारा हात जिथं थांबला, तिथं खेळ चांगला. हात चालूच ऱ्हायला तर समजायचं, मापात बसंना."

'मापात बसंना' हा नानांचा ठरलेला निकाल. सदरा असो, सोयरीक असो, नाहीतर नवा तहसीलदार असो, नानांच्या मापात सहसा काही बसत नसे.

तेव्हा बोलणारा सिनेमा धारूरला यायचा होता. सुगी संपली की बैलगाड्यांवरून तंबू यायचा, किल्ल्याच्या खालच्या मैदानात उभा राहायचा. यंत्र हाताने फिरवायचं. बाजूला पेटी-तबला, आणि पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूस, ज्याचा घसा तिसऱ्या दिवशी हमखास बसायचा. मी मूळचा पाटोद्याचा, सरकारी शाळेत मास्तर. नानांच्या दुकानावरच्या माडीत राहायचो, त्यामुळे खेळ बघितला नाही तरी त्याच्यावरचं भांडण मला ऐकावंच लागायचं.

भांडण म्हटलं की लिंबाजी कासार आला. त्याचं बांगड्यांचं दुकान नानांच्या समोरच. नाना वाळक्या शेंगेसारखे, लिंबाजी गोल गरगरीत. नानांना कुठलाच खेळ आवडायचा नाही, लिंबाजीला सगळेच आवडायचे. पडद्यावर कुणी नुसतं आईकडे बघितलं तरी तो रडायचा. या दोघांनी एकदा राजपुत्राचा फेटा हिरवा होता की तांबडा यावर चार दिवस वाद घातला. पडद्यावर सगळंच काळंपांढरं दिसतं, हे मी मध्ये सांगून बघितलं. दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले, की मी मुकाट माडीवर गेलो.

अशात त्या वर्षी हेराचा खेळ आला.

गोष्ट अशी होती. एका राजाचा विश्वासू शिपाई फकिराच्या वेषात शत्रूच्या किल्ल्यात शिरतो. तिथला राजा जुलमी, पण या फकिरावर त्याचा जीव जडतो. त्याला तो आपल्या पंक्तीला जेवू घालतो. शेवटी हा शिपाई चोरवाट दाखवून आपल्या लोकांना आत घेतो आणि किल्ला पडतो.

खेळ बघून सगळं धारूर बिथरलं. आधीच त्या दिवसांत बाजारात बोलताना माणूस आधी मागे बघायचा. सरकारला गुपचूप बातम्या पुरवणारा खुफिया माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणावरही संशय यायचा. त्यात हा खेळ. वर्षानुवर्षं दर शुक्रवारी येणारा एक म्हातारा फकीर होता, त्याची दाढी खरी आहे का हे कुणीतरी ओढून बघितलं. बिचारा पुढचे दोन शुक्रवार आलाच नाही.

नानांच्या दुकानात मात्र वाद पेटला होता. "मापात बसंना," नानांनी मशीन थांबवून निकाल दिला. "ज्याच्या ताटात जेवला त्याचाच किल्ला फोडला. ह्यो कसला हेर? नमकहराम हाय."

"अवो नाना, हेराला कसलं मीठ?" लिंबाजी दुकान उघडं टाकून समोरून आला. "त्यो त्याच्या कामाला गेलता."

"कामाला गेलता तर भाकर बांधून न्यायची व्हती."

"किल्ल्यात शिरनारा मानूस भाकर बांधून नेतो का?"

"मग उपाशी ऱ्हायचं. मीठ खाल्लं की बांधला गेला मानूस."

दुकानात गर्दी जमली. नाना हळूहळू बोलत होते, म्हणून लिंबाजीचा आवाज चढत होता. शेवटी त्याचा तोल गेला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून, दोन्ही हात वर करून तो ओरडला, "असला राजा असल तर फोडलाच पायजे किल्ला! तख्त उलटं केलं पायजे त्याचं!"

समोर धारूरचा किल्ला, खाली भर बाजार, आणि राज्य निजामाचं. कुणीतरी खोकलं. कुणाला घरचं काम आठवलं. बघता बघता दुकान रिकामं झालं. लिंबाजी हात वर तसेच ठेवून उभा होता. मग त्याने ते सावकाश खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातला जवान आला आणि लिंबाजीला घेऊन गेला.

कुणी सांगितलं ते कधीच कळलं नाही. पण बाजाराने तासाभरात ठरवून टाकलं. पडद्याकडे पाठ करून लोकांची तोंडं कोण बघत बसतं? कुणाचा हात कुठे थांबला हे कोण ध्यानात ठेवतं? पायजम्याचं माप द्यायला आलेला एक गडी दारातूनच परत फिरला. समोरच्या पानवाल्याने नानांच्या राम-रामाला उत्तर दिलं नाही. नाना मशीन चालवत राहिले, पण सुईत दोरा नव्हता. मी ते बघितलं.

लिंबाजीची बायको गोदाबाई आली. डोळे सुजलेले. नानांकडे तिने बघितलंही नाही. माडीकडे तोंड करून म्हणाली, "मास्तर, तुमाला त्या सरकारी लोकांची उर्दू लिहितावाचता येती. चला ना माझ्यासंगं. बीडच्या तुरुंगात नेत्याल म्हनत्यात त्यांना."

मी टोपी घातली. ठाण्यात जायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. आम्ही निघालो, तर मागून चपलांचा आवाज. नाना दुकान उघडंच टाकून, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच, आमच्या मागे येत होते. गोदाबाई पुढे चालत राहिली.

ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब, टेबलाशी बसले होते. लिंबाजी कोपऱ्यात उभा, अंगावर घामाने सदरा चिकटलेला.

"किल्ला फोडो, तख्त उलटा करो, ऐसा बोला के नहीं तू?" अमीनसाहेबांनी विचारलं. लिंबाजीने घाम पुसायला बाही वर नेली.

"साहब, वो मैं बोल्या," मागून नाना म्हणाले.

मी चमकून बघितलं. लिंबाजीनेही.

"तू कौन?"

"मारोती शिंपी."

ओळख पटायला वेळ लागला नाही. अमीनसाहेबांच्या अंगातला कोट नानांनीच शिवलेला, आणि तो बगलेत काचतो अशी त्यांची जुनी तक्रार होती. त्यांनी खांदा हलवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कायकू बोल्या?"

"सिनेमे की बात है साहब. सिनेमे में एक राजा है. लई जालिम." काल संध्याकाळपर्यंत जे ते खोडून काढत होते, तेच आता त्यांना स्वतःच्या तोंडाने मांडायचं होतं. "वो राजा रयत का दाना छीन लेता. म्हनून... उसका किल्ला फोडना वाजिब है."

दुसऱ्याच्या मापाचा कपडा अंगात घातल्यासारखे ते बोलत होते. कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला.

"दाना न्हाई, नाना. पानी."

"गप बे," नाना दातांतून म्हणाले.

"गप कावून? त्या राजानं तळ्यावर पहारा बसवला, रयतेचं पानी तोडलं. मुद्द्याचीच गोष्ट सोडली तुमी!" लिंबाजीला आपण कुठे उभे आहोत याचा विसर पडला होता. "पानी तोडलं म्हनून तर त्यो हेर आत गेला!"

"पानी तोडलं म्हनून काय मिठाची साखर व्हती का?" नानांनाही विसर पडला.

"कुठलं मीठ घेऊन बसला तुमी!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लिंबाजी टेबलापर्यंत पुढे आला होता, नाना फीत हातात घेऊन ती हवेत उडवत होते, आणि दारातला जवान तंबाखू मळता मळता आत सरकला होता. नानांची नजर त्याच्या हाताकडे गेली. मळणारा अंगठा थांबलेला होता. एवढ्या गडबडीतही नानांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं.

अमीनसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "बस! किल्ला कौनसा? यहाँ का, या सिनेमे का?"

"सिनेमे का, साहब!" दोघं एकदम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं.

अमीनसाहेब कोटाची बाही ओढत दोघांकडे वळले. मग लिंबाजीला म्हणाले, "तू जा." आणि नानांना, "तू बैठ. बोल्या तो तू है ना?"

लिंबाजीने तोंड उघडलं. नानांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "घरी जा बे. गोदाबाई दारात उभी हाय."

तो दिवस सरता सरेना. लिंबाजीने आपलं दुकान उघडलं नाही. नानांच्या उघड्या दुकानाच्या पायरीवर तो बसून राहिला. रस्त्याने ठाण्याकडून कुणी आलं की उठायचा, पुन्हा बसायचा. गोदाबाईने चूल पेटवली नाही. पानवाला आपणहून येऊन पायरीवर एक पान ठेवून गेला. मी शाळेतून दोनदा येऊन गेलो.

ऊन उतरल्यावर नाना आले. चालत, एकटेच.

"मारलं का?" लिंबाजीने उठून विचारलं.

"न्हाई. कोट उसवून पुन्ना शिवून घेतला. अन् म्हनले, दुकानात सिनेमाची बात काढली तर दोघांला बीड दाखवतो." नाना आत जाऊन मशीनशी बसले आणि सुईत दोरा ओवू लागले. दोरा काही केल्या जाईना. शेवटी मागून आलेल्या गोदाबाईने पुढे होऊन सुई ओवून दिली.

रात्रीची भाकरी मी त्यांच्याबरोबर खाल्ली. विचारलं, "नाना, हे कशापायी अंगावर घेतलंत?"

"मला नेलं असतं तर दुकानाला कुलूप पडलं असतं, बस. माझं कोन हाय? बायकू गेली त्याला लई वरसं झाली." त्यांनी चटणी बोटाने सारखी केली. "त्याला नेलं असतं तर त्याची लेकरं... अन् मग मी तरी बोलायचं कुनासंगं, मास्तर?"

तंबू उठला, पुढच्या गावी गेला. नानांच्या दुकानात आता कापूस महागला का, ज्वारी कशी आहे, एवढंच बोलणं चालायचं. पण दोघांनी वाट काढली. संध्याकाळी दुकानं बंद करून ते गावाबाहेर बारवेच्या वाटेला जायचे. तिथे उघड्या रानात, चिटपाखरू नसताना, मनसोक्त भांडायचे. वारा गावाकडचा असला तर 'मीठ', 'पानी' असे एकदोन शब्द वेशीपर्यंत यायचे.

लग्नसराईत लिंबाजी बांगड्यांचा पेटारा घेऊन दिंद्रुडकडे गेला तो बरेच दिवस आला नाही. अशाच एका संध्याकाळी मी त्या वाटेने फिरायला गेलो होतो. बारवेपाशी नाना दिसले. एकटेच दगडावर बसले होते, आणि बोलत होते.

"मीठ खाल्लं म्हंजे मानूस बांधला गेला," ते म्हणत होते. मग आवाज जाड केला, जरा रडका, हुबेहूब लिंबाजीचा. "पर नाना, रयतेच्या तोंडचं पानी तोडलं, तवा त्या मिठाला चव तरी ऱ्हायली का?"

मी झाडाआड थांबलो. आता नाना हे कसं खोडून काढतात ते ऐकायचं होतं. त्यांनी समोरच्या रिकाम्या दगडावरचा पाचोळा हाताने झाडला.

मग आपल्या आवाजात, अगदी हळू, जे धारूरमध्ये त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाले, "हे मातर तुझं खरं हाय, लिंबाजी."

मी पाय न वाजवता परत फिरलो.