ट्रेलरमधली किंकाळी

ट्रेलर कापण्यात आपला हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं ट्रेलरवाला छातीठोक सांगायचा. स्वतःच सांगायचा, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं!

निर्मात्यानं त्याच्यापुढे नवा सिनेमा आदळला. दोन भाऊ खिडकीच्या एका पडद्यावरून दोन तास अबोला धरतात. संपला सिनेमा!

"गर्दी खेचलीस तर पुढचे पाच सिनेमे तुझे. नाहीतर दुकान आवर!"

"अहो, भिंत वाळतानाचा ट्रेलर कापला तरी लोक रांगा लावतील!"

त्यानं बाह्या सरसावल्या. आधी काळोख. मग 'धड्डाम!' मग शांतता, घड्याळाची टिकटिक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा एक आवाज: "पडद्यामागे... कोण आहे?" पडदा सरकतो, आणि आता किंकाळी हवी! सिनेमात किंकाळी सोडा, धड शिंकसुद्धा नव्हती.

घरी आई कपाट आवरत होती. त्यानं मागून माइक धरला. "आई, पाल!"

आईनं असा काही सूर लावला की शेजारच्यांच्या हातून बशी निसटली!

ट्रेलर तुफान चालला. आईनं अख्ख्या इमारतीला ऐकवला. "आवाज माझा आहे बरं!" पहिल्याच खेळाला ती दोन रांगा भरून बायका घेऊन गेली. लेकही मागोमाग गेला. सिनेमात ती किंकाळी नाही, हे आईला सांगायची छाती कुणाला होती?

मध्यंतर झालं. शेजारीण म्हणाली, "काय हो, तुमची किंकाळी कुठाय?"

"मोठ्या कलाकाराला उशिराच आणतात!"

मागे लोक जांभया देत होते. एकजण ओरडला, "फसवलं रे!" शेवटी सिनेमातल्या खिडकीचा पडदा सरकला. आईनं श्वास रोखला. पडद्यामागे निघाली एक कुंडी! आणि वर ढिम्म शांतता.

"माझी किंकाळी गिळता काय, मेल्यांनो!" म्हणत आई उठली आणि जागेवरूनच तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून अख्खं थिएटर खुर्चीतून वीतभर उडालं! मग शिट्ट्या, टाळ्या, "पुन्हा, पुन्हा!"

निर्माता धावत आला. ट्रेलरवाल्यानं कॉलर ताठ केली, हात पुढे केला. निर्माता त्याला ओलांडून थेट आईसमोर वाकला.

"आई, रोज तीन खेळ जमतील?"

जमतात! ट्रेलरवाला रोज आईची ने-आण करतो. खिशात खोकल्याच्या गोळ्या आणि आवाज बसलाच तर म्हणून एक रबराची पाल! "शोध माझाच," असं तो अजूनही ऐटीत सांगतो.

दारवाला आईला सलाम ठोकतो. याला तिकीट विचारतो!