मैदानातले थर

एप्रिलच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, आमच्या कॉलनीतली चारशे सहा माणसं साबणासारखी रचली गेली.

कॉलनी साबणाच्या कारखान्याची. मी तिथल्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे मला प्रकार ओळखीचा होता. साबणाच्या रेणूला डोकं असतं आणि शेपूट असतं. डोक्याला पाणी हवं असतं, शेपटीला पाण्याचा तिटकारा. पाण्यात रेणू थोडे असले तर एकेकटे हिंडतात. जरा वाढले की शेपट्या आत लपवून गोळे करतात. आणखी दाटी झाली की लांब कांड्या होतात, आणि कांड्या मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींना लागून बसतात. त्याहून दाटी झाली की थर. थर, पाणी, थर, पाणी. कुणी सांगत नाही, कुणी ढकलत नाही.

माणसांत शेपटीच्या जागी पाठ होती, एवढाच फरक.

त्या दिवशी टँकर तीन दिवसांनी आला होता. सगळी कॉलनी मैदानात उतरली. टँकरची तोटी निसटली, घोटाभर पाणी साचलं आणि ते घडलं. मी पोचलो तेव्हा मैदानभर थर उभे होते. दहीहंडीसारखे वर वर नव्हे, जमिनीवर, भिंतींसारखे. प्रत्येक थरात दोन रांगा, पाठीला पाठ चिकटलेली. दोन थरांच्या मध्ये हातभर रुंद पाण्याची पट्टी. चारशे माणसं आणि आवाज नाही.

शैलजा, माझी बायको, तिसऱ्या थरात होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही हो. काहीच दुखत नाही. म्हणून तर भीती वाटतेय."

"हात दे. ये बाहेर."

मी ओढलं. हात आला, पाठ आली नाही.

"ओढू नका," ती म्हणाली. "माझ्या पाठीला कुणाची तरी पाठ आहे. कुणाची ते कळत नाही. पण ती रडतेय."

एवढं बोलून ती डावीकडे सरकली. मुद्दाम नव्हे. थर मऊ असतो. त्यातले रेणू आपापल्या रांगेत सतत जागा बदलत राहतात. माझ्या हातातून तिचा हात सुटला आणि समोर बर्वेकाकू आल्या.

"शैलजा पुढे गेली," काकू म्हणाल्या. "टाकीच्या बाजूला बघ."

मी कॉलनीच्या कचेरीत धावलो. प्रशासन अधिकारी गोडांबे खिडकीतून मैदानाकडे बघत होते.

"रांगा सरळ आहेत," ते म्हणाले. "झेंडावंदनालाही इतकी शिस्त नसते."

"साहेब, ऊन वाढतंय. पाणी आटलं की रचना उलटते. डोकी आत जातात, पाठी बाहेर. तोंडं एकमेकांवर दाबली जातील."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"उपाय?"

"पाणी. भरपूर, आणि न थांबता. फक्त मध्ये एक टप्पा लागतो. थर एकमेकांत घुसतात आणि सगळं घट्ट होतं. काही हलत नाही. तिथे पाणी थांबवलं तर ते तसेच राहतील."

"किती वेळ लागतो?"

"बाटलीत कधीकधी आठवडा."

"आणि माणसांचं?"

"माहीत नाही, साहेब."

कारखान्याचे दोन्ही बंब आले. एक वाजून दहा मिनिटांनी पाणी सुरू केलं. थर आधी वाकले, मग त्यांना भोकं पडली, भोकांतून दुसरे थर शिरले आणि मैदान गोठलं. पापणी हलत नव्हती. शैलजा मला बघून 'अहो' म्हणत होती. त्यातला 'अ' झाला होता. तोंड तसंच उघडं राहिलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"बंद करा!" गोडांबे ओरडले. "माझी आई आहे तिथे!"

"बंद केलं तर त्या तशाच राहतील."

त्यांनी व्हॉल्व्हवर हात टाकला. मी त्यांची मनगटं धरली. ते माझ्याहून ताकदवान होते. माझं बरोबर आहे याची मला खात्री नव्हती, आणि ते त्यांना दिसत होतं. पहिला बंब रिकामा झाला. दुसऱ्याचा पाइप जोडेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना धरून उभे होतो, आणि दोघांपैकी कुणीही मैदानाकडे बघत नव्हतं.

सतराव्या मिनिटाला 'हो' ऐकू आलं.

मग सुटायला वेळ लागला नाही. कांड्या झाल्या, कांड्यांचे गोळे झाले, गोळ्यांची माणसं झाली. आपापल्या बादल्या शोधून लोक ओल्या पायांनी घरी गेले. गोडांबेंनी आईला कडेवर घेतलं होतं. त्या 'खाली ठेव रे' म्हणत होत्या.

शैलजा घरी आली, पण तिला ओट्याशी उभं राहवेना.

"माझ्या मागे बघा ना, कुणी आहे का?"

"कुणी नाही."

"तेच," ती म्हणाली, आणि थरथरायला लागली.

मी तिच्या मागे जाऊन पाठीला पाठ लावून उभा राहिलो. तिचा श्वास हळूहळू जागेवर आला. मग माझ्या लक्षात आलं, माझाही आला होता.

आता आम्ही जेवायलाही तसेच बसतो. आमटी वाढताना जरा सांडते.