तासभर टबात

टब बाथरूममध्ये बसला, पण मग बाथरूममध्ये दुसरं काहीच बसेना. बादली दारामागे गेली, तांब्या खिडकीत चढला, आणि दार अर्ध्यातच अडू लागलं. आत शिरायचं तर आडवं होऊन, पोट ओढून घेऊन शिरावं लागे. प्लंबरकाकांचं पोट आजवर कुणाच्या सांगण्यावरून आत गेलं नव्हतं. त्या रविवारी दुपारी मात्र ते निमूटपणे गेलं.

काकांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या बंगल्यांत टब बसवले होते. टब बसवायचा, पाणी भरायचं, कोपर बुडवून गरम-गार पाहायचं, आणि पान्हे पिशवीत टाकून जिना उतरायचा. एकदा एका बंगल्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, "यात तासभर पडलं ना, की जगाचा विसर पडतो." काकांना पाइप, नळ, गळती सगळं ठाऊक होतं, पण जगाचा विसर कसा असतो ते ठाऊक नव्हतं. ते वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून राहिलं. शेवटी विम्याची पॉलिसी पिकली आणि काकांनी काकूंना न विचारता बिडाचा, पांढराशुभ्र, चार सिंहपायांचा टब घरी आणला.

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एकदम सगळं बोलल्या.

"आपण काय म्हशी आहोत, डबक्यात लोळायला? ते पैसे बँकेत ठेवले असते तर म्हातारपणी कामी आले असते."

"अगं, हौसेला मोल नसतं."

"या हौसेला आहे. मी पावती बघितली. आणि सुख असं दुकानात मिळत असतं तर बंगलेवाले तोंड पाडून का हिंडले असते? बरं, एक करा. रविवारी तासभर त्यात गप पडून दाखवा. जमलं तर टब राहील. नाही जमलं तर सोमवारी विकायचा."

"फक्त तासभर? त्यात काय मोठंसं!" काका म्हणाले.

रविवारी काकूंनी स्वयंपाकघरातलं घड्याळ बाथरूमच्या दारासमोर आणून ठेवलं. तीनच्या ठोक्याला काका पाण्यात उतरले. पाणी अगदी बेताचं गरम होतं. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आला होता आणि वाफ त्यात निवांत वर चढत होती. काकांनी मान मागे टाकली, कान पाण्याखाली गेले, आणि रस्ता, शेजारचा रेडिओ, काकूंची भांडी, सारं जग दूर कुठेतरी निघून गेलं. आपण ढगावर पडलो आहोत आणि ढग हळूहळू घराबाहेर निघाला आहे असं त्यांना वाटू लागलं.

टप्.

काकांनी डोळे उघडले नाहीत. आपला नळ नाही, हे त्यांना न बघता कळलं. आपला नळ त्यांनी स्वतः बसवला होता.

टप्. टप्.

पाण्याखाली कान गेले की इमारतीतले सगळे पाइप बोलू लागतात, हे काकांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बंगलेवाल्यांना ते कधी ऐकू आलं नसणार, त्यांना पाइपांची भाषा कुठे येते? काकांना येत होती. वरचा मजला, न्हाणीघर, अर्धा इंची नळ, आतली चकती झिजलेली. दुसऱ्या एखाद्याने कूस बदलली असती. पण जित्याची खोड! काकांनी कान पाण्याबाहेर काढले, तर आता ते थेंब कानात नाही, डोक्यात पडू लागले.

अकराव्या मिनिटाला काका पंचा गुंडाळून बाहेर आले.

"काय हो, तास झाला?" काकूंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"वर गळतंय. पाचच मिनिटांत आलो. तोवर माझं पाणी सोडू नकोस."

"हरलात!" काकू म्हणाल्या, पण काका पान्ह्यांची पिशवी उचलून जिन्यावर पोचले होते.

वरच्या मजल्यावर शिवणबाई एकट्या राहत. शिवणाचे क्लास बंद झाले तरी त्यांचं मशीन चालू असे. दारात ओलेत्या अंगाने, पंचा सावरत उभ्या असलेल्या काकांना पाहून त्यांच्या तोंडातली टाचणी खाली पडली.

"भाऊ! हे काय?"

"बाई, तुमचा नळ गळतोय."

"तो होय? तो तर दोन वर्षं गळतोय."

दोन वर्षं हे शब्द काकांच्या काळजाला झोंबले. बाईंच्या नळाखालची, पाणी बंद करायची चावी गंजून घट्ट बसली होती, म्हणून काका गच्चीवर गेले आणि त्यांनी अख्ख्या इमारतीचं पाणी बंद केलं. पाइपात उरलेलं पाणी तरीही नळातून ठिबकतच राहिलं. मग नवी चकती आणायला काका घरी उतरले, तर त्यांच्या बाथरूमच्या दारावर तळमजल्यावरचे हेडमास्तर दोन्ही हातांनी धपाधप थापा मारत होते. कमरेला टॉवेल होता आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत साबण. डोळे मिटलेले.

"कोण? प्लंबर? अहो, भर साबणात पाणी गेलं! सगळ्या इमारतीत पाणी आहे ते एवढ्या तुमच्या टबात, आणि आतून कडी! मी किती हाका मारतोय, आत कुणी ओ देत नाही."

"आत कोण आहे?"

"मला विचारताय? मला माझे पाय दिसत नाहीत!"

काकांनी स्वयंपाकघरात पाहिलं. काकू नव्हत्या. आतल्या खोलीत पाहिलं. तिथेही नव्हत्या. मग बाथरूमच्या दाराशी त्यांची चप्पल दिसली. काकूंना पोहता येत नव्हतं. टबात पोहायचं नसतं हे त्या क्षणी त्यांना सुचलं नाही. कसला टब आणि कसलं सुख! पॉलिसीचे पैसे मोजून आपण बायकोला बुडवायला खड्डा आणला, असं त्यांना वाटलं. त्यांनी कडी उचकटायला पेचकस काढला आणि दाराला कान लावला.

आतून घोरण्याचा आवाज येत होता. बारीक, एका लयीत, मधूनच सुस्कारा टाकणारा.

काकांचा जीव भांड्यात पडला. पेचकस त्यांनी पिशवीत टाकला. लग्न झाल्यापासून काकूंना दुपारी झोपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. दुपारी त्या नेहमी काहीतरी निवडत, पुसत, नाहीतर शिवत असत.

"दार फोडा की!" हेडमास्तर ओरडले.

"हळू बोला हो," काका कुजबुजले. "झोपलीय ती."

"आणि माझे डोळे?"

काकांनी प्यायच्या पाण्याचा माठ उचलला आणि हेडमास्तरांना जिन्यात नेऊन त्यांच्या डोक्यावर रिता केला. हेडमास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं, पण काकांनी ओठांवर बोट ठेवलेलं त्यांना दिसलं. आयुष्यभर वर्गांना गप्प बसवलेला तो माणूस कुडकुडत, चवड्यांवर पाय टाकत खाली गेला.

काकांनी वर जाऊन चकती बदलली आणि गच्चीवरून पाणी सोडलं. नळातून थेंब येईना. पाइप मुके झाले. काम चोख झाल्याच्या आनंदात ते घरी आले, तेवढ्यात बाथरूमची कडी निघाली.

काकू दारात उभ्या होत्या. गाल लाल, केस ओले, आणि चेहऱ्यावर असं काही की काका बघतच राहिले. जगाचा विसर म्हणतात तो हाच असावा.

"किती वेळ होतीस गं?"

"कोण जाणे. घड्याळ बाहेर होतं."

काकांनी मान खाली घातली. "मी काही तासभर पडलो नाही. पैज हरलो. उद्या सोमवार, टबाला गिऱ्हाईक बघतो."

"उद्या मला वेळ नाही."

"मग मंगळवारी?"

"मंगळवारी मी टबात आहे." काकू पदराने केस पुसू लागल्या. "आता पाणी गार झालंय. हे सुख काही टिकाऊ नाही हो, मी म्हणतच होते. पण गरम पाणी सोडलं की पुन्हा येईल. एकच वाईट झालं. कान पाण्यात बुडाले की बाकी काही नाही, पण वरून काय छान टपटप ऐकू येत होती! लहान मुलाला थोपटावं तशी. मध्येच बंद पडली आणि माझी झोप मोडली. कुणी बंद केली?"

काकांनी पिशवी पाठीमागे सरकवली.

"ती सुरू करून द्या," असं म्हणून काकूंनी दार लावून घेतलं.

काका पुन्हा वर गेले.

"आता काय राहिलं, भाऊ?"

"बाई, तुमचा नळ जरा बिघडवायचा होता."

शिवणबाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "बरं झालं आलात. मघापासून घर नुसतं खायला उठलंय."

काकांनी जन्मात पहिल्यांदा चांगला नळ बिघडवायला घेतला, आणि ते काम दुरुस्तीहून अवघड निघालं. जरा सैल केला की धार लागे, जरा आवळला की सगळं कोरडं. शेवटी एक थेंब आला, थोडा थांबला, मग दुसरा आला. खात्री करून घ्यावी म्हणून काका पालथ्या बादलीवर बसले आणि पाठ भिंतीला टेकवली. खालून पाइपातून काकूंचा आवाज आला, "अहो, हे बरोबर आहे! एवढंच राहू द्या!"

वरून उत्तर गेलं नाही. शिवणबाईंनी डोकावून पाहिलं. काकांची मान कलली होती, पान्हा मांडीवरून घसरून पायाशी पडला होता, आणि पंच्यावर उन्हाचा कवडसा हलत होता. बाईंनी पायातल्या सपाता काढून हातात घेतल्या आणि पुढचा तासभर मशीन चालवलं नाही.