भोयर सरांचा कोपरा

भोयर सरांच्या हातून आलुबोंडा खाली पडला, तर तो उचलण्याची कोणालाही परवानगी नसे. आधी शेजारी मोजपट्टी ठेवायची, उत्तर दिशेचा बाण मांडायचा, मग छायाचित्र काढायचे. "वस्तू जागेवरून हालली की मेली गा!" हे त्यांचे ठरलेले वाक्य. तोवर आलुबोंडा थंड होई आणि त्यावर चढलेल्या मुंग्याही छायाचित्रात येत.

कन्हान नदीच्या बाजूला, माळावर, प्राचीन लोकांनी आपल्या मृतांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे आहेत. तेथे आमच्या महाविद्यालयाचे उन्हाळी उत्खनन शिबिर भरते. मी शिबिराचा प्रमुख. पण माझा अधिकार तंबूपुरता. खड्ड्यात राज्य भोयर सरांचे. एकदा मी त्यांची खुर्ची सावलीत सरकवली. "संदर्भ बिघडवला तुम्ही," असे म्हणून ते उन्हातच उभे राहिले. मी मुलांसोबत हसलो. ते हसणे आज मला तितकेसे निरुपद्रवी वाटत नाही.

यंदा सर निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती खापरेच आली. "एक मणी भेटला पायजे, अख्खा. मंग घरी बसाले हरकत नाही," असे ते चहाच्या वेळी म्हणत. घरी त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

शिबिरात प्रणाली नावाची शेतकरी घरातली मुलगी होती. तिच्या वाट्याला आलेल्या, खणायला आखून दिलेल्या चौकटीत मुरुमाशिवाय काही निघाले नव्हते. तिच्या वडिलांचा फोन आला की त्यांचा आवाज खड्ड्याबाहेरही ऐकू येई. "मातीच उकराची होती तं आपलं वावर काय कमी होतं? काहून गेली वं तिकडं?" ते शेवटच्या दिवशी तिला न्यायला येणार होते. हा विषयच सोडायला लावतील, अशी तिला भीती होती.

त्या शेवटच्या दिवशी पहाटे मी चहा घेऊन खड्ड्याकडे गेलो. सर आपल्या कोपऱ्यात ओणवे बसले होते. त्यांचा ब्रश अचानक थांबला. मातीत अर्धा रुतलेला, लालसर दगडाचा मणी मला काठावरून स्पष्ट दिसला. सरांनी त्याला स्पर्श केला नाही. बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग त्यावर मूठभर भुसभुशीत माती अलगद पसरली आणि हाक मारली, "प्रणाली, इकडं ये वं! माही कंबर धरून राहिली. तू बस इथं. हळू हात चालव."

मी चहा घेऊन मागे वळलो.

वडील मोटारसायकल लावत होते, तेवढ्यात ती किंचाळली, "बाबा, मणी! मले भेटला!" ते रागातच आले, काठावर उकिडवे बसले आणि पाहतच राहिले. "हे आपल्याकडच्या लोकायचंच का मास्तर?"

"आपल्याकडचंच. पोरीचा हात हलका आहे तुमच्या. पुढच्या वर्षी पाठवा," सर म्हणाले.

"पाठवतो ना," ते म्हणाले. त्यांची नजर मण्यावरून हटली नव्हती.

संध्याकाळी सामान भरताना सरांनी तंबूचे अवजड गाठोडे एकट्याने टेम्पोत चढवले.

"कंबर कशी आहे?" मी विचारले.

"तिची आठवण काहून करून देता गा?" ते म्हणाले आणि गाठोड्याला टेकून बसले.